फाट्यावरची सायकल

चंद्रपूरहून मूलकडे किंवा आष्टीहून आलापल्लीकडे जाताना एखाद्या फाट्यावर सकाळी साडेनऊच्या सुमारास तासभर उभे राहावे. फाटा म्हणजे जंगलातून आलेला गावचा रस्ता जिथे हमरस्त्याला मिळतो ती जागा. तिथे एखादी पानटपरी असते, एसटीचा थांबा असतो, गावाचे नाव लिहिलेली पाटी असते. पावसाळ्यात त्या पाटीवर सागाची ताटाएवढी पाने आलेली असतात. गावाकडून शाळेची मुलगी सायकलवर येते. ही सायकल बहुतेकदा मानव विकास मिशनमधून मिळालेली असते. फाट्याशी ती थांबते, पण थांबून तिला काही दिसत नाही, कारण डाव्या हाताला साग आणि उजव्या हाताला बांबूची बेटे. हमरस्त्यावर काय येते आहे हे पाहायचे तर सायकलचे पुढचे चाक डांबरावर घ्यावे लागते. ती ते घेते, मान पुढे काढते, आणि रोज त्या क्षणी तिचा जीव त्या एका चाकाच्या अंतरावर असतो.

तिकडून येणारा हायवा टिप्पर साठच्या वेगात असेल तर सेकंदाला साडेसोळा मीटर कापतो. चालकाच्या डोळ्यांना ते चाक दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत पंचवीस मीटर संपतात. ब्रेक चांगले असले आणि रस्ता कोरडा असला तरी भरलेली गाडी उभी राहायला पुढे आणखी पस्तीस-चाळीस मीटर लागतात. ओला रस्ता, झिजलेले टायर किंवा वाढीव माल असेल तर त्याहून जास्त. म्हणजे साठ-पासष्ट मीटर हवेत आणि दिसतात वीस-तीस. यात चालकाचा निष्काळजीपणा धरलेलाच नाही, निव्वळ अंतराचा हिशोब मांडला आहे.

या हिशोबावर जगभरात जो उपाय पुढे आला त्याला कनेक्टेड वाहनांचे तंत्रज्ञान म्हणतात. कल्पना सरळ आहे. प्रत्येक गाडीत एक लहान रेडिओ यंत्र बसवायचे. ते सेकंदाला साधारण दहा वेळा आपली जागा, वेग, दिशा आणि ब्रेक लागला की नाही हे आजूबाजूला कळवत राहते. साधारण तीनशे मीटरच्या टप्प्यातली दुसरी गाडी हे ऐकते, दोघींच्या वाटा कुठे आणि कधी छेदणार याचे गणित करते, आणि धडक होणार असे दिसले की चालकाला इशारा देते. कॅमेऱ्याला किंवा डोळ्याला समोरचे दिसावे लागते. रेडिओला कोपऱ्याआडचे कळते. साठच्या वेगात तीनशे मीटर म्हणजे अठरा सेकंद, आणि अठरा सेकंदांत भरलेला ट्रकही आरामात थांबतो. चौक आणि फाटे यांच्यासाठी याहून नेमके औषध आजवर कुणी सुचवलेले नाही, हे मी मनापासून मानतो. म्हणूनच ते आपल्याकडे येण्याआधी काही गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत.

अमेरिकेने या कामासाठी ५.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली ७५ मेगाहर्ट्झ जागा १९९९ सालीच राखून ठेवली. मिशिगन राज्यातल्या अॅन आर्बर शहरात २०१२ साली जवळपास तीन हजार गाड्यांवर मोठी चाचणी झाली. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याचा अंदाज असा होता की चौकातली धडक टाळणारा इशारा आणि डावीकडे वळतानाचा इशारा, ही दोनच कामे सगळ्या गाड्यांत झाली तर वर्षाला पाच लाख ब्याण्णव हजारांपर्यंत अपघात टळतील आणि १,०८३ पर्यंत जीव वाचतील. नव्या गाड्यांना हे यंत्र सक्तीचे करण्याचा प्रस्तावही आला. पण २०२० मध्ये राखीव पट्ट्यातला मोठा भाग काढून घेऊन वाहनांसाठी फक्त ३० मेगाहर्ट्झ ठेवला गेला आणि २०२३ मध्ये सक्तीचा प्रस्ताव मागे घेतला गेला. तंत्र चालत होते, अडले ते संख्येशी. दहातल्या एकाच गाडीत यंत्र असेल, तर दोन गाड्या समोरासमोर आल्यावर दोघींत ते असण्याची शक्यता शंभरात एक. ज्या देशात जवळपास प्रत्येक घराच्या दारात मोटार उभी असते, तिथे ही अडचण आली. आपल्या फाट्यावर तर रस्ता ओलांडणाऱ्या बहुतेकांकडे मोटारच नाही.

आपल्यापासून सर्वांत जवळचा प्रयोग नागपूरचा. २०२१ च्या सप्टेंबरात तिथे ‘आय-रास्ते’ हा प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची आयआयआयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि नागपूर महापालिका असे सगळे त्यात एकत्र आले. शहर बसगाड्यांत समोर पाहणारे कॅमेरे बसवले गेले. समोरचे वाहन किंवा पादचारी धोक्याच्या अंतरात आला की यंत्र चालकाला सावध करते. इथवर ते चालकाला मदत करणारे साधे यंत्र झाले. मला त्या प्रकल्पातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. बसला कुठे कुठे असे इशारे मिळाले याची नोंद नकाशावर जमा होते, आणि जिथे माणसे अजून मेलेली नाहीत पण मरता मरता वाचत आहेत अशा जागा त्यातून कळतात. त्यांना ‘ग्रे स्पॉट’ म्हटले गेले. म्हणजे माणूस जाण्याआधीच जागा सापडते.

हे महत्त्वाचे का, तर आपली सरकारी व्याख्या नेमकी उलटी चालते. राष्ट्रीय महामार्गावर साधारण पाचशे मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे गेली, की ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. मग तिथे पैसा येतो, काम निघते. नागपूर-मुंबईसारख्या गर्दीच्या मार्गांना ही व्याख्या ठीक बसते. जंगलातल्या फाट्याला ती बसत नाही. इथे एका फाट्यावर तीन वर्षांत एक माणूस जातो, पुढच्या फाट्यावर एक, त्याच्या पुढच्यावर दोन. रस्ताभर फाटे सारखेच वाईट असतात, पण एकही जागा पाचाचा आकडा गाठत नाही. कागदावर तो रस्ता सुरक्षित राहतो.

आता या रस्त्यावर चालते काय, तेही पाहू. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच्या तीन चतुर्थांशाहून अधिक भागावर जंगल आहे. साकोलीहून वडसा, आरमोरी, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली करत सिरोंच्याला जाणारा ३५३-सी हा एक राष्ट्रीय महामार्ग, आणि छत्तीसगडातून मुरूमगाव, धानोरा, गडचिरोली, मूल करत चंद्रपूरला येणारा ९३० हा दुसरा. गडचिरोली शहरात हे दोन्ही एकमेकांना भेटतात. हे रस्ते एसटी, तेंदूपत्ता, लाकूड आणि धान यांची ने-आण मनात धरून वाढले. चंद्रपूरकडे कोळसा आणि सिमेंटच्या गाड्या आधीपासून होत्या. पडोली आणि घुग्घुसच्या बाजूला राहणाऱ्यांना त्याची पिढ्यान्पिढ्या सवय आहे. एटापल्ली तालुक्यात सूरजागडची लोहखाण सुरू झाली आणि दक्षिण गडचिरोलीचे रस्ते थोड्या वर्षांत पालटले.

खाणीची परवानगी वर्षाला ३० लाख टनांवरून २०२३ मध्ये एक कोटी टनांवर गेली. एवढा माल रस्त्याने न्यायचा आणि एका गाडीत पंचवीस टन धरायचे तर वर्षाला चार लाख खेपा होतात, दिवसाला अकराशे. गाडी भरून जाते तशी रिकामी परतही येते. म्हणजे दिवसरात्र मिळून बावीसशे फेऱ्या, सरासरी दर चाळीस सेकंदांना एक अवजड गाडी. हा माझा पाटीवरचा हिशोब आहे आणि तो त्या वेळच्या पूर्ण परवानगीचा आहे. रोजचा प्रत्यक्ष आकडा कमी-जास्त असेल, पण ती मुलगी कशातून रस्ता ओलांडते हे त्यावरून कळते. २०२५ च्या जुलैत हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली, जिच्यातून खनिज पाण्यात कालवून वाहून नेले जाते. तिने गाड्यांचा भार हलका होईल, आणि माझ्या मते आजवरची ती सर्वांत परिणामकारक अपघात-प्रतिबंधक योजना आहे, जरी ती त्या हेतूने बांधलेली नसली तरी. जी गाडी रस्त्यावर येतच नाही तिच्याशी कुणाची धडक होत नाही. पण खाणीचे उत्पादन वाढतच जाणार आहे आणि कोनसरीचा पोलादाचा कारखाना उभा राहिला की तयार माल, कोळसा, चुनखडी यांची ये-जा त्याच रस्त्यांवर येईल.

मरतात कोण, तेही पाहू. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यात दुचाकीवरचे सुमारे पंचेचाळीस टक्के आणि पायी चालणारे जवळपास वीस टक्के. सायकलस्वार वेगळेच. म्हणजे तीनांतले जवळजवळ दोघे असे की ज्यांच्याभोवती लोखंडी पत्रा नव्हता. महाराष्ट्राचा त्या वर्षीचा आकडा पंधरा हजारांच्या पुढे होता. ७ ऑगस्ट २०२५ च्या पहाटे गडचिरोली-आरमोरी मार्गावर काटली गावाजवळ व्यायामाला निघालेल्या मुलांना ट्रकने चिरडले. चार मुले गेली. त्यांच्या अंगावर कोणते यंत्र असणार होते? त्याच्या तीन वर्षे आधी, १९ मे २०२२ च्या रात्री, चंद्रपूर-मूल रस्त्यावर अजयपूरजवळ डिझेलचा टँकर आणि लाकडाचा ट्रक समोरासमोर धडकले, आग लागली, नऊ जण जळून गेले. दोन्ही मोठ्या गाड्या होत्या. तिथे गाडीने गाडीला दिलेला इशारा कदाचित काही सेकंद मिळवून देऊ शकला असता. काटलीच्या घटनेत हे तंत्रज्ञान जसे आहे तसे काहीच करू शकले नसते.

माझा इशारा इथे आहे. यंत्र बोलते ते यंत्राशीच. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याचीच खबर त्याला लागते. हायवाला हायवाची, ट्रेलरला एसटीची खबर लागेल. सायकलची, बंडीची, डोक्यावर मोहाची टोपली घेऊन निघालेल्या बाईची, तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे चारला जंगलात जाणाऱ्या घोळक्याची लागणार नाही. आणि धोका एवढ्यावर थांबत नाही. आज चालकाला ठाऊक आहे की फाट्यावर कुणीही निघू शकते. तो घाबरून का होईना, पाय हलका करतो, हॉर्न मारतो, डिपर देतो. उद्या त्याच्यासमोर असे यंत्र असेल की जे प्रत्येक गाडीची वर्दी देते. ते गप्प आहे याचा अर्थ त्याचे मन ‘रस्ता मोकळा आहे’ असाच लावणार. खेपेवर पैसे मिळणाऱ्या माणसाने तो तसा लावला तर त्याला दोष देता येणार नाही. मग अपघात झालाच तर पंचनाम्यात काय लिहिले जाईल? गाडीत यंत्र होते, यंत्र चालू होते, त्याने धोका दाखवला नाही, मुलगी अचानक आडवी आली. ‘अचानक आडवी आली’ हे शब्द आपल्या पोलीस ठाण्यांतल्या कागदांवर आजही काही कमी नाहीत. त्यांना उद्या यंत्राची साक्ष मिळेल.

जंगलाची आणखी एक बाजू. ५.९ गिगाहर्ट्झची लहर बहुतांशी सरळ जाणारी असते, फारशी वाकत नाही. भरलेली पाने, ओला पाला, मध्ये उभा राहिलेला दुसरा ट्रेलर यांनी ती क्षीण होते. मार्च-एप्रिलमध्ये साग निष्पर्ण असतो तेव्हा तोच फाटा डोळ्यांनाही उघडा दिसतो आणि रेडिओलाही. श्रावणात दोघांनाही आंधळा होतो. जपानने २०१५ पासून ७६० मेगाहर्ट्झचा खालचा पट्टा वापरला, तो अडथळ्यांना तुलनेने बरा वळसा घालतो. आपल्याकडे चाचणी झाली तर ती पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या मोकळ्या चाचणी मार्गावर होऊन भागणार नाही. ऑगस्टमध्ये, पावसात, आलापल्लीच्या जंगलात झाली पाहिजे. एक गोष्ट मात्र या भागाच्या बाजूची आहे. गाडीने गाडीशी थेट बोलायला मोबाइलचा टॉवर लागत नाही. भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या रस्त्यांवर टॉवरच्या भरवशावरची कोणतीही योजना मी आज स्वीकारणार नाही. थेट बोलणारे यंत्र चालेल.

आणि मग पासिंगचा प्रश्न. व्यावसायिक गाड्यांना वेगमर्यादा यंत्र आले, मागे रेडियमची पट्टी आली, प्रवासी गाड्यांना २०१९ पासून जागा सांगणारे यंत्र आणि धोक्याचे बटण आले. यातले किती पासिंगच्या दिवसापुरते असते आणि किती वर्षभर चालते, हे आरटीओच्या आवाराबाहेर चहा पिणारा कोणीही सांगेल. या रस्त्यावर एमएच-३३ आणि एमएच-३४ च्या, म्हणजे गडचिरोली-चंद्रपूरच्या गाड्यांसोबत तेलंगणाच्या आणि छत्तीसगडच्या गाड्याही धावतात. एका राज्याचा नियम त्यांना लागू कसा होणार? इशारा देणारे यंत्र नादुरुस्त झाले तर ते नसल्यापेक्षा वाईट, कारण त्याच्यावर कुणीतरी विसंबलेला असतो.

मग हे तंत्रज्ञान नकोच का? हवे. पण त्याचा डोळा गाडीत नव्हे, फाट्यावर हवा. जपानच्या व्यवस्थेत चौकाच्या खांबावर संवेदक असतात. ते गाड्या आणि पायी माणसे दोन्ही टिपतात आणि उजवीकडे वळणाऱ्या गाडीला कळवतात. त्या पायी माणसाच्या खिशात काहीही नसते. न्यूझीलंडने तर त्याहून साधे केले. ग्रामीण फाट्यांवर बाजूच्या रस्त्याने गाडी येत असल्याचे जमिनीतला किंवा खांबावरचा संवेदक ओळखतो, आणि हमरस्त्यावरची विजेची पाटी आपोआप कमी वेगमर्यादा दाखवू लागते. कुणी नसेल तेव्हा पाटी विझलेली. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने बाजूने गाडी येत असल्याचा इशारा देणाऱ्या पाट्या लावल्या. अशी पाटी जुन्या ट्रकलाही दिसते, परराज्यातल्या चालकालाही दिसते, एसटीच्या चालकालाही दिसते. आपल्याकडचा संवेदक सायकल, बंडी आणि माणूस ओळखणारा असावा लागेल, धुळीत आणि धुक्यात चालणारा असावा लागेल, सौरऊर्जेवर चालावा लागेल. आज हे अशक्य नाही. तोच खांब मग ज्या गाड्यांत रेडिओ आहे त्यांना रेडिओवरही कळवू शकतो. म्हणजे मुक्या वाटसरूच्या वतीने फाटाच बोलेल. क्रम असा असावा: आधी फाटा, मग गाड्या.

या दिशेने विचार करायला आपल्याला लांब जावे लागत नाही. नागपूरच्या उत्तरेला पेंचमधून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी नऊ जागी रस्ता उचलून खालून वाट सोडली आहे. तिथून वाघ जातात, चितळ जातात, कॅमेऱ्यांत ते दिसले आहेत. ओलांडणाऱ्या जिवाची जबाबदारी रस्त्याने घ्यायची, हे तिथे मान्य झाले. तेच तत्त्व फाट्यावरच्या मुलीला लावा, एवढेच मागणे आहे.

पैसा नाही हे उत्तर या दोन जिल्ह्यांत कुणी देऊ नये. खाणपट्टाधारकांना जिल्हा खनिज प्रतिष्ठानात रक्कम भरावी लागते. जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांना ती स्वामित्वधनाच्या ३० टक्के आहे. खाणीची झळ लागणाऱ्या गावांसाठीच हा निधी आहे. ज्या फाट्यावरून खनिजाची गाडी जाते तो फाटा खाणीची झळ लागलेलाच आहे. त्या निधीतून खनिज मार्गावरच्या प्रत्येक फाट्याची पाहणी व्हावी. झुडपे छाटून दृष्टी मोकळी करणे, गावच्या रस्त्यावर गतिरोधक, हमरस्त्यावर रम्बलर, एक दिवा, एक थांबण्याची पाटी, ही कामे संवेदकाच्या आधीची आहेत आणि ती झाल्याशिवाय संवेदकाला अर्थ नाही. छाटणीच्या नावाखाली साग पाडला जाणार नाही हे पाहायला ग्रामसभा समर्थ आहेत. या जिल्ह्यांतल्या ग्रामसभांनी आपली जंगले सांभाळून दाखवली आहेत.

आणि ग्रे स्पॉटची नोंद इथे बसच्या कॅमेऱ्याची वाट पाहत थांबायला नको. फाट्यावरच्या टपरीवाल्याला, एसटीच्या वाहकाला, शाळेच्या शिक्षकांना तोंडपाठ असते की गेल्या महिन्यात कोण कसे वाचले. ग्रामपंचायतीत एक वही ठेवा: तारीख, वेळ, कोणती गाडी, कोण ओलांडत होते, पाऊस होता की धूळ. अपघातांची नोंद मोबाइलवर घेणारी ‘आयरॅड’ ही सरकारी व्यवस्था २०२१ मध्ये ज्या पहिल्या राज्यांत सुरू झाली त्यांत महाराष्ट्र होता. तिच्यात वाचलेल्यांच्या नोंदीला जागा करून द्या. ती वही जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या प्रत्येक बैठकीत वाचली जावी.

कनेक्टेड वाहनांची योजना चंद्रपूर-गडचिरोलीत येईल तेव्हा तिची निविदा निघेल, सादरीकरण होईल, पडद्यावर दोन मोटारी एकमेकींना इशारा देताना दाखवल्या जातील. त्या सभेत बसलेल्या लोकप्रतिनिधींना आणि अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की तिथे एकच प्रश्न विचारावा: या फाट्यावर सकाळी पावणेदहाला सायकलवर येणारी मुलगी तुमच्या यंत्राला दिसते का? उत्तर ‘नाही’ असेल तर ती निविदा मंजूर करू नये.